शंभरातले तीन

"मॅडम, ९७ टक्के खराब आलेत. उद्या मूल झालंच, तर ते धड होईल का?"

मूल न होणाऱ्या जोडप्यांच्या दवाखान्यात मी समुपदेशक आहे. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच संदीपनं विचारलं. (नावं बदलली आहेत, बाकीचं दोघांना विचारून लिहिते आहे.) वय ३४, इचलकरंजीत कापडधंद्यातल्या सायझिंगमध्ये कामाला. पाकिटातून त्यानं एक कागद काढला. इतक्या घड्या घातलेल्या, की घडीवरची शाई उडाली होती. शेजारी मनीषा, वय ३०. तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक फाईल होती, फुगलेली, दोन रबर लावलेली. लग्नाला सहा वर्षं.

मी आधी फाईल उघडली. नळ्यांची तपासणी, तीन वर्षांपूर्वी भूल देऊन केलेली दुर्बिणीची तपासणी, थायरॉइड, साखर, अंडं कधी फुटतं ते बघायच्या सोनोग्राफ्या, प्रत्येक पाळीच्या पाच-पाच. नळ्या मोकळ्या, गर्भाशय चांगलं, अंडं वेळेवर. सहा वर्षांत तिच्यात कुणाला काही सापडलं नव्हतं आणि तरी शोध चालूच होता. नवऱ्याची काही शे रुपयांची वीर्य तपासणी एका दवाखान्यात शेवटी सांगितली, ती सहाव्या वर्षी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणाच्या जोडीनं. तरीही ओळ अशीच लागते: आधी बाईची भूल, मग पुरुषाची बाटली. याचा मला अजून राग येतो आणि तो आवरून समोरच्या माणसाशी बोलावं लागतं. कारण हा क्रम संदीपनं लावलेला नव्हता.

संदीपच्या कागदावर मॉर्फॉलॉजीपुढं ३ टक्के लिहिलं होतं. म्हणजे शंभर शुक्राणूंत तीन नीट आकाराचे. लॅबमधल्या मुलानं वर ऐकवलं होतं, "सगळे वेडेवाकडेच आहेत ओ." त्यानं मोबाइलवर शोधलं, दोन डोक्यांचे, दोन शेपट्यांचे शुक्राणू बघितले आणि त्यावरून दोन डोक्यांचं मूल डोळ्यांपुढं आणलं. ही भीती मी इतक्या जणांकडून ऐकली आहे, की उत्तर पाठ आहे. पण पाठ म्हणून दाखवलं तर ते लागू पडत नाही. म्हणून कागदावर चित्र काढते.

शुक्राणूचं डोकं लंबगोल, शेपटी त्याच्या दहापट लांब. तपासणारा सूक्ष्मदर्शकाखाली फार कडक निकषानं बघतो. डोकं जरा रुंद, बाद. मान जरा तिरकी, बाद. शेपटीला वेटोळं, बाद. या कडक निकषानं निरोगी पुरुषाचेही बहुतेक शुक्राणू बादच ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्य तपासणीच्या पुस्तिकेच्या २०२१च्या सहाव्या आवृत्तीत खालची मर्यादा किती धरली आहे? ४ टक्के.

"शंभरात चार?" संदीप. "आणि मी तीन?"

"तीन."

तो पहिल्यांदा खुर्चीत मागं टेकला.

ही मर्यादा आली कुठून, तेही सांगते, कारण सगळी गोम तिथं आहे. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस राहिले, अशा बापांचे नमुने तपासून हे आकडे काढले आहेत. शंभर बापांना चढत्या ओळीत उभं केलं, तर खालचे पाच जिथं संपतात तिथं रेघ मारली. म्हणजे रेघेखालीही पाच बाप आहेतच. बाकीच्या रेघाही तशाच मारलेल्या: एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढं सरकणारे ३० टक्के. रेघेखाली गेलं की दिवस राहायला उशीर लागू शकतो. कधीच राहणार नाहीत, असं ती रेघ म्हणत नाही.

मूल धड होईल का, याचं उत्तर वेगळं आहे. शुक्राणूचा बाहेरचा आकार बिघडलेला असणं आणि आत बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रांत बिघाड असणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. अहवालात वाकडे शुक्राणू जास्त दिसले म्हणून पोटी व्यंग असलेलं मूल येतं, असं नाही. अपवाद आहेत, पण क्वचित. सगळेच्या सगळे एकाच तऱ्हेनं बिघडलेले असले, म्हणजे प्रत्येकाचं डोकं गोल चेंडूसारखं किंवा प्रत्येकाचं डोकं अवाढव्य, तर तो वेगळा आजार. संख्या ५० लाखांच्या खाली असली तर डॉक्टर जनुकीय तपासण्या करायला सांगतात. संदीपची संख्या १ कोटी १० लाख होती, वाकडेपण नाना तऱ्हांचं होतं.

हालचाल २४ टक्के होती. त्यावर विचारलं, नमुना दिला कुठं? तर घरी. लॅब कोल्हापुरात. बाटली गाडीच्या डिकीत, वाटेत पेट्रोल, मग लॅबबाहेर रांग. सव्वा-दीड तास गेला. नमुना अंगाच्या उबेत, तासाच्या आत पोचावा लागतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणखी एक गोष्ट त्यानं खाली बघत सांगितली, पहिला भाग बाटलीबाहेर सांडला होता. शुक्राणू सगळ्यात जास्त त्या पहिल्या भागातच असतात. सांडलं तर लाजू नका, लॅबला सांगा आणि पुन्हा द्या. आधीचे दोन ते सात दिवस वीर्य बाहेर पडू न देता, लॅबमध्येच.

पुन्हा तपासणी करायचं ठरलं, दोघं उठली. छान समजावलं, असं मला वाटलं. तिथंच माझी चूक झाली.

दोन महिन्यांनी नवा अहवाल आला. अख्ख्या स्लाइडवर शोधून चार शुक्राणू. लॅबमध्ये कुणीतरी "आता डोनर बघा" म्हणून मोकळं झालं. (दात्याचे शुक्राणू कायद्यानं दोघांच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाहीत, २०२१चा कायदा आहे. असं कानात सांगून उरकायचं ते काम नाही.) आमच्या डॉक्टरांनी जनुकीय तपासण्या लिहायच्या आधी रक्तातली संप्रेरकं बघितली. वृषणच थकले असतील, तर मेंदू ओरडून ओरडून हुकूम सोडतो, एफएसएच हे हुकमाचं संप्रेरक चढतं. संदीपचं एफएसएच आणि हुकमाचं दुसरं संप्रेरक एलएच, दोन्ही तळाला. म्हणजे कारखाना ठीक, वरून हुकूमच येत नव्हता. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "कसलं इंजेक्शन घेताय?"

पहिला कागद हातात पडल्या दिवशीच संदीप ओळखीच्या एका कंपाउंडरकडं गेला होता. त्यानं 'ताकदीचं' इंजेक्शन दर पंधरा दिवसांनी टोचायला सुरुवात केली. टेस्टोस्टेरॉन. माझ्यासमोर बसून ३ टक्क्यांचं चित्र बघत होता, तेव्हाही दंडात ते होतंच. मी विचारलं नव्हतं. आता पहिल्या भेटीत, नवरा एकटा असताना, चार गोष्टी नाव घेऊन विचारते: इंजेक्शन, जिममधली पावडर, रस्त्याकडेच्या तंबूतलं औषध, तंबाखू. 'काही घेता का' असं मोघम विचारलं, की 'नाही' असंच येतं.

"मर्दपणाचं औषध ना ते?" संदीप म्हणाला. "मग त्यानं कमी कसं झालं?"

मी त्याला घरच्या टाकीचं सांगितलं. टाकीत फ्लोट असतो, टाकी भरली की मोटर बंद. तुम्ही बाहेरून टँकर ओतला, टाकी भरली, फ्लोटनं मोटर बंद केली. मेंदूला वाटलं, रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर आहे, आता हुकूम कशाला? हुकूम बंद, वृषणात तयार होणारं बंद, शुक्राणू बंद. अंगात जोर वाटतो, दंड फुगतात, आणि आत बीज आटत जातं.

"आणि मोटर परत चालू होते?"

बहुतेकांची होते. इंजेक्शन थांबवल्यावर सहा महिने लागतात, कधी वर्ष, क्वचित जास्त. एक शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला तीनेक महिने लागतात. सोयाबीन पेरल्यापासून काढणीपर्यंत जातात, साधारण तितकेच दिवस. म्हणून कुठल्याही उपायाचा निकाल आठवड्यात मागायचा नाही. आजचा अहवाल हा तीन महिन्यांपूर्वीच्या शरीराचा असतो. मध्ये मोठा ताप येऊन गेला असेल, तर तोही त्यात उतरतो.

सायझिंगमधल्या उष्णतेबद्दल मनीषानं विचारलं. तिथं सुताला खळ लावून वाफेनं तापलेल्या सिलेंडरवरून वाळवतात, संदीप दहा-दहा तास त्याच्या पुढ्यात. वृषण शरीराबाहेर आहेत ते थंड राहावेत म्हणूनच, त्यांना अंगापेक्षा दोन-चार अंश कमी लागतं. डॉक्टरांनी शक्य असेल तर जागा बदलून घ्यायला सांगितलं. मालकानं सूत गुंडाळलेले बीम उतरवायच्या बाजूला घेतलं. त्यानं किती फरक पडला, ते वेगळं काढून सांगता येणार नाही.

त्या दिवशी संदीपला बाहेर पाठवून मनीषाशी बोलले. मला वाटलं, इंजेक्शन लपवलं म्हणून ती चिडेल. ती चिडली नाही. फाईलचे रबर काढत-घालत बसली. सहा वर्षं अमावास्येला आदमापूरला बाळूमामांचं दर्शन, सोमवारचे, गुरुवारचे उपास. जावेच्या डोहाळजेवणात तिला ओटी भरू दिली नाही, "तू जरा आत बस" म्हणाले. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगायचं का, विचारल्यावर म्हणाली, "नको मॅडम. माझंच नाव असू दे. मला सवय झालीय. ह्यांना नाही सोसायचं."

समुपदेशकानं मत देऊ नये, असं शिकवतात. मी दिलं. घरातल्यांना मिलियन आणि टक्के सांगायची गरज नाही, पण तुमचे उपास मात्र थांबायला हवेत. हे कसं करायचं, ते संदीप ठरवील.

संदीपला ते सांगितलं, तेव्हा त्याचा खरा प्रश्न बाहेर आला. मूल धड होईल का, हा वरचा प्रश्न. आतला असा: "लोकं म्हणतील, ह्याच्यात दमच न्हाई." शुक्राणूंची संख्या आणि पलंगावरची ताकद यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. शून्य संख्या असलेल्यांचं बाकी सगळं व्यवस्थित असतं, दाढी-मिशा, इच्छा, वीर्यसुद्धा. वीर्याचा फार थोडा भाग शुक्राणूंचा, बाकी सगळं ग्रंथींतलं पाणी, म्हणून नुसतं बघून काही कळत नाही. हे त्याला तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, "मग ते इंजेक्शन मी कशाला घेत हुतो?" मी काही बोलले नाही.

आईला त्यानं जेवताना सांगितलं. मनीषाकडून कळलं ते असं: "आई, येत्या अमावास्येला हिला न्हाई, मी जातो आदमापूरला. अडचण माझ्याकडं हाय." आत्याबाई ताटावरून उठल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खारीक-खोबऱ्याचे लाडू करून डबा संदीपपुढं ठेवला आणि मनीषाला चुलीपाशी विचारलं, "तुला ठावं हुतं?" ती म्हणाली, "आत्ताच कळलं." "मग गप का बसलीस?" एवढंच. माफी वगैरे काही नाही. पण पुढच्या महिन्यात भाचीच्या बारशाला मनीषाला पाळण्याजवळ बसवलं.

लाडवांनी संख्या वाढते का, हे संदीपनं मला गंभीरपणे विचारलं. दुकानातल्या महागड्या गोळ्यांचीही खात्री देता येत नाही, मग आईचे लाडू खा की, म्हटलं. फक्त तंबाखू सोड. ती त्यानं निम्म्यावर आणली. पूर्ण सोडली असं सांगितलं असतं, तर माझा विश्वास बसला नसता.

नाहीच वाढले तर, असं भीत भीत विचारून झालं होतंच. त्यालाही वाट आहे. १९९२ साली ब्रुसेल्समध्ये एका अंड्यात एकच शुक्राणू सुईनं सोडून गर्भधारणा झाल्याचं जगापुढं आलं. तेव्हापासून ज्यांची संख्या बोटावर मोजण्याइतकी, त्यांनाही बाप होता आलं. पण तो खर्च सायझिंगच्या पगाराला जड आहे, हे मी लपवत नाही.

इंजेक्शन थांबल्यानंतर आठव्या महिन्यात अहवाल आला. लॅबमध्येच दिलेला नमुना, काही न सांडता. संख्या १ कोटी ९० लाख. आकार ४ टक्के. हालचाल ४१. संदीपनं ४१खाली पेननं रेघ मारून आणली होती.

"शाळेत ३५ला पास असतंय मॅडम. हितं ४ला पास आणि ४१ला नापास?"

मनीषा हसली. माझ्या खोलीत ती पहिल्यांदाच हसली.

डॉक्टरांनी शुक्राणू धुऊन गर्भाशयात सोडायचा उपाय सुचवला, आययूआय. मनीषा म्हणाली, दिवाळीपर्यंत थांबू. तीन महिने सोनोग्राफी नको, तारखा नकोत, कुणी दिवस मोजायचे नाहीत. तिच्या वयाला तीन महिने परवडतात, डॉक्टर हो म्हणाले.

जाताना ती दारातून परत आली. "फाईल इथंच ठेवू का मॅडम? घरात असली की मी सारखी उघडते."

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ती आहे. पिशवीसकट, दोन रबरांसकट. संदीपचा तो घड्यांचा कागदही तिनं सगळ्यात वर ठेवला आहे.