वाचकांचे प्रश्न : पक्षाघात आणि चिनी काढे

प्रश्न : वडिलांना दोन महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू अजून लुळी आहे. चीनमध्ये अशा रुग्णांना एक काढा देतात आणि त्यात करडईची फुलं असतात, असं कळलं. आमच्या शेतात करडई आहे. घरी करून देऊ का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : तो काढा म्हणजे 'बू यांग हुआन वू तांग'. वांग छिंगरन या वैद्यांनी तो १८३० साली आपल्या ग्रंथात दिला. शरीरातल्या शक्तीचे दहा भाग धरले तर अर्धांगात पाच जातात, ते परत आणायचे, असा त्यांचा विचार होता. नावातला 'वू' म्हणजे तेच पाच.

फूल तेच आहे, पण नुसत्या फुलांनी हा काढा होत नाही. मूळ प्रमाण असं : हुआंग छी हे मूळ १२० ग्रॅम, तांग क्वेई मुळाची टोकं ६, तांबड्या पिओनीचं मूळ साडेचार, आणि छुआनश्योंग हा कंद, पीचच्या बियांतला गर, करडईची फुलं व सुकवलेलं गांडूळ प्रत्येकी ३ ग्रॅम. म्हणजे एकटं हुआंग छी बाकी सहांच्या बेरजेच्या पाचपटीहून जास्त. या सहांचं काम साकळलेलं रक्त हलवण्याचं, आणि त्यांना ढकलणारा जोर हुआंग छीचा, अशी ही मांडणी आहे. करडई तेवढी उकळून दिली तर वेगळंच औषध दिल्यासारखं होईल.

हुआंग छीची मात्रा एकदम १२० ग्रॅमला नेत नाहीत. रुग्ण बिचकत असेल तर एक-दोन लिआंगपासून (लिआंग हे जुनं चिनी वजन) चढवा, असं खुद्द वांग यांनी लिहून ठेवलंय. आजच्या हिशेबाने ते ३० ते ६० ग्रॅम होतात. घाई केली की पोट फुगतं, तोंडाला कोरड पडते, चेहरा लाल होतो. काढ्यासाठी मातीचं, काचेचं किंवा इनॅमलचं भांडं घेतात. लोखंड आणि तांबं टाळतात, कारण वनस्पतींतली तुरट द्रव्यं धातूशी संयोग पावतात. सगळं अर्धा तास भिजवायचं, पाणी दोन-तीन बोटं वर ठेवायचं, उकळी आली की आच मंद करून अर्धा तास ठेवायचं. गाळल्यावर त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून वीस मिनिटं उकळायचं, दोन्ही काढे एकत्र करून दिवसातून दोनदा द्यायचे. हुआंग छी भरपूर पाणी पितं. पहिल्यांदा करणाऱ्याचा काढा बुडाशी लागतो तो त्यामुळेच.

तरीही घरी करू नका, असंच आम्ही सांगू. हा काढा प्रकृती स्थिर झाल्यानंतरचा, शक्ती गळालेल्या, अंग सैल पडलेल्या रुग्णाचा. रक्तदाब आटोक्यात नसेल, डोकं ठणकत असेल, चेहरा लाल असेल, तर चिनी वैद्यही तो देत नाहीत. वडिलांचा झटका गुठळीचा होता की रक्तस्रावाचा, हे सिटी स्कॅनच्या अहवालात असेल. आधी ते पाहा. यावरच्या चाचण्या बऱ्याच झाल्या, पण बहुतेक लहान आणि कच्च्या. फिजिओथेरपी सोडून काढ्यावर विसंबण्याइतका पुरावा त्यांतून मिळत नाही.

प्रश्न : सिंगापूरहून मुलाने सोनेरी वर्खाच्या, मेणाच्या गोळ्यात बंद केलेल्या चिनी गोळ्या पाठवल्यात. वर्षातून एक घेतली की झटका येत नाही म्हणतात. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ही 'आंगोंग न्यूहुआंग वान', १७९८ च्या वू जूथोंग यांच्या ग्रंथातली. नावातलं 'न्यूहुआंग' म्हणजे गोरोचन, गुरांच्या पित्ताशयातला खडा. त्यासोबत कस्तुरी आणि हिंगूळ व मनशीळ ही खनिजं असतात. हिंगुळात पारा, मनशीळेत आर्सेनिक. तीव्र ताप, बडबड, शुद्ध हरपणं यांसाठी हे औषध तयार झालं, आणि पुढे दातखिळी बसलेल्या, मुठी आवळलेल्या, अंग तापलेल्या पक्षाघाताच्या रुग्णालाही दिलं जाऊ लागलं. पांढरा पडलेला, घामाने भिजलेला, हात-पाय गार असलेला रुग्ण असेल तर परंपरेनेही ती वर्ज्य. निरोगी माणसाने प्रतिबंध म्हणून घ्यायला त्या ग्रंथात आधार नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हातही लावू नका.

प्रश्न : आईला हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू आहे. सोबत 'डानशेन' हे चिनी औषधी मूळ घेतलं तर गुठळी होणार नाही ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : गुठळीपेक्षा रक्तस्रावाची भीती जास्त. डानशेन आणि तांग क्वेई दोन्ही वॉरफेरिनचा परिणाम वाढवतात, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) वर जातो. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, काळी शौच यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. चिनी मिश्रणांत ज्येष्ठमधही सर्रास असतो. तो दीर्घकाळ घेतला की पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. पक्षाघात होऊन गेलेल्याला हे अजिबात परवडत नाही.

प्रश्न : तयार चिनी औषधांच्या मोठ्या चाचण्या झाल्या आहेत का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : झाल्या आहेत, आणि त्यांचे निकाल लोकांपर्यंत फारसे पोचत नाहीत. 'न्यूरोएड' कॅप्सूल गुठळीच्या झटक्यानंतर ७२ तासांत सुरू करून तीन महिने दिली. सुमारे ११०० रुग्णांच्या या चाचणीचा निकाल २०१३ मध्ये आला : तीन महिन्यांनी तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या कॅप्सूल घेतलेल्या गटापेक्षा ठोस फरक नाही. मेंदूतल्या रक्तस्रावासाठी चीनमध्ये सोळाशेहून अधिक रुग्णांना 'एफवायटीएफ-९१९' हा द्रव काढा २८ दिवस दिला. २०२४ च्या त्या निकालातही ९० दिवसांनंतरच्या प्रकृतीत फरक दिसला नाही.

प्रश्न : झटका आल्याबरोबर काढा पाजला तर चालेल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : नाही. पाणीसुद्धा नको. गिळण्याची क्रिया बिघडलेली असेल तर घोट श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलेलं दिसलं की १०८ ला फोन करा आणि रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा होता ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तोंडाने काय आणि केव्हा सुरू करायचं, हे रुग्णालयात गिळण्याची तपासणी झाल्यावर ठरवतात.