झाडावरून गाडीवर पडतो तो ‘चिकटा’

प्रश्न असा आहे: सोसायटीतल्या आंब्याखाली गाडी लावली की काचेवर चिकट ठिपके पडतात. कुणी त्याला डिंक म्हणतं, कुणी मध. कुठेतरी ‘मधुरस’ असंही वाचलं. नेमका शब्द कोणता?

माझं मत ‘चिकटा’ला. पुल्लिंगी शब्द, ‘पडणे’ या क्रियापदासकट येणारा. ज्वारी पिकवणाऱ्या कुणालाही विचारा. ज्वारीच्या ताटांवर मावा ही कीड वाढली की पानं तेल लावल्यासारखी चमकतात, तेव्हा ‘ज्वारीवर चिकटा पडला’ असंच म्हणतात. काही जण तर किडीलाच चिकटा म्हणून मोकळे होतात. शहरात झाडं आहेत, किडी आहेत, चिकटाही रोज पडतो. शब्द तेवढा शेतात राहून गेला.

डिंक म्हणणं चूकच. डिंक खोडाच्या किंवा फांदीच्या जखमेतून पाझरतो, पानातून टपकत नाही. मध करायला मधमाशी लागते, मकरंद फुलात असतो. ‘मधुरस’ पुस्तकात शोभतो, पण ऐकणाऱ्याला तो फुलातला वाटतो. प्रत्यक्षात ही किडीची विष्ठा आहे, आणि एवढं गोड नाव दिलं की नेमकं तेच झाकलं जातं.

विष्ठा गोड कशी? मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड, तुडतुडे हे पानाफांद्यांत सोंड खुपसून झाडाचा अन्नरस पितात. त्या रसात साखर भरपूर आणि वाढीला लागणारी नत्रयुक्त द्रव्यं अगदी थोडी. ती पुरेशी मिळवायची तर रस ढोसावा लागतो आणि जास्तीची साखर मागून टाकून द्यावी लागते. तुमचं झाड आंब्याचं आहे आणि ठिपके मोहोराच्या दिवसांत वाढत असतील, तर संशय तुडतुड्यांवर घ्या. फांदी हलवली की टणाटण उडून तोंडावर आदळतात ते. काचेसाठी काळजी नको, साखरच ती, कोमट पाण्याने जाते. मात्र पानांवर राहिलेल्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. विदर्भातले संत्रा बागायतदार अशा काळवंडण्याला ‘कोळशी’ म्हणतात. त्यांच्याकडे ते काम काळ्या माशीचं असतं, पण शहरातल्या काळ्या पडलेल्या पानांनाही हा शब्द चपखल बसेल.

जाता जाता ‘पर्जन्यवृक्षा’बद्दल, म्हणजे रेन ट्रीबद्दल. या नावाची एक उपपत्ती अशी की ढगाळ हवेत आणि संध्याकाळी त्याची पानं मिटतात. दुसरी आपल्या विषयातली आहे. एकोणिसाव्या शतकात रिचर्ड स्प्रूस या वनस्पतिशास्त्रज्ञाने पेरूमध्ये ‘पाऊस पाडणारं झाड’ पाहिलं, तेव्हा तो पाऊस म्हणजे झाडावर बसलेल्या सिकाडांनी (कर्कश किरकिरणाऱ्या किड्यांनी) टाकलेले थेंब निघाले. सिकाडा मुळांकडून वर चढणारा पाणचट रस पितो, त्यामुळे त्याचे थेंब पातळ असतात. त्याला चिकटा म्हणता येणार नाही. मुंबईतल्या पर्जन्यवृक्षांवर मात्र पिठ्या ढेकूण आला आणि २०१० नंतरच्या दशकात कितीतरी जुनी झाडं वाळली.

‘पिठ्या ढेकूण’ हे नावही अचूक. अंगावर पिठासारखं मेण आहे म्हणून पिठ्या, आणि ढेकणाचा तो नातेवाईकच आहे. गादीतल्या ढेकणाच्याच अर्धपंखी गणातला. द्राक्षवाले सरळ ‘मिलीबग’ म्हणतात, तेही आता मराठीच झालं आहे.

हे रस पिणारे शहरात का फोफावतात? मुळांभोवती काँक्रीट, त्यामुळे झाड तहानलेलं. पानांवर धूळ, त्यामुळे किडीला शोधत फिरणाऱ्या मित्रकीटकांची अडचण. आणि उष्णता. अमेरिकेत रॅले शहरात ओकच्या झाडांवरची खवले कीड मोजली, तर सर्वांत तापलेल्या भागात ती थंड भागाच्या १३ पट भरली. मुंग्यांचाही हात असतो. चिकट्यासाठी त्या किडीची राखण करतात, ती कीड खायला आलेल्या ढालकिड्यांना (लेडीबर्डना) हुसकावतात. म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर चिकटा आहे असं बहुधा समजावं.

आता फवारा मारण्याआधी एक पाहा. पिठ्या ढेकणांत एखादा थोडा मोठा, लांब पांढऱ्या झुपक्यांचा आणि भरभर चालणारा दिसला, तर तो बहुतेक क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी असेल. ऑस्ट्रेलियाचा हा भुंगेरा १८९८ साली खवले किडीच्या बंदोबस्तासाठी भारतात आणला. त्याची अळी पिठ्यासारखीच दिसते आणि पिठ्याच खाते. ‘मोठा पिठ्या सापडला’ म्हणून लोक आधी तिलाच चिरडतात.