सात सीटांच्या गाडीत कोणी कुठं बसावं?

लग्नसराई आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या आपल्याकडं एकदमच येतात. त्यामुळं या वेळचे बहुतेक प्रश्न घरच्या मोठ्या गाडीचे आहेत: अर्टिगा, ट्रायबर, इनोव्हा, कॅरेन्स, ईको. या गाड्यांत आपल्याकडं जागा ठरते ती मानानं. जवाई पुढं, मोठी माणसं मधात, सुना आणि लेकरं मागं. माझा आग्रह असा की जागा माणसाचं शरीर बघून द्यावी. कंपनीनं सीट सरकवायची, कलती करायची, दुमडायची सोय दिलेली असते. ती वापरली तर हे अवघड नाही.

प्रश्न: आईचं वय ७२, दोन्ही गुडघे गेलेले. अर्टिगा घेतली ती तिच्यासाठीच, पण चढता-उतरताना तिचे फार हाल होतात. पाहुणे असले की ती आपणहून शेवटच्या सीटवर जाऊन बसते. तिला कुठं बसवावं? (दारव्हा, जि. यवतमाळ)

भाऊ, शेवटच्या ओळीत तर मुळीच नाही. तिथं जायला मधली सीट वाकवून, अंग चोरून आत शिरावं लागतं. बसल्यावरही पायाखालची जागा उंच आणि सीट ठेंगणी, त्यामुळं गुडघे छातीकडं येतात. तास-दोन तास असं बसल्यावर उतरताना पाय सरळच होत नाहीत. आई "मला चालते" म्हणाल्या तरी ऐकू नका.

त्यांच्यासाठी सगळ्यात चांगली जागा ड्रायव्हरशेजारची. दार मोठं उघडतं, पाय पसरता येतात, सीट मागं घेता येते. जवाई सोबत असले तर त्यांना मधल्या ओळीत बसवा. सासूच्या गुडघ्यांचं कारण ऐकून रागावलेला जवाई मी तरी पाहिला नाही.

चढायची पद्धत बदला. आपण एक पाय आत टाकून मग अंग ओढून घेतो. त्यात सगळा भार एका गुडघ्यावर येतो. त्याऐवजी आईंनी सीटकडं पाठ करून उभं राहावं, आधी बूड टेकवावं आणि मग दोन्ही पाय जुळवून आत फिरवावेत. उतरताना याच्या उलट. हातानं छताजवळची कडी धरायची, दार नाही, कारण दार हलतं. गाडीही सपाट जागी उभी करा. गावातल्या रस्त्याच्या कडेला उतार असतो. उताराकडचं दार उघडलं की जमीन वीतभर खाली जाते, आणि नेमकं तिथंच म्हातारं माणूस पडतं.

पुढची जागा जमतच नसेल तर मधल्या ओळीतली दाराजवळची. अर्टिगाची मधली सीट पुढं-मागं सरकते आणि पाठ कलतीही होते, ती पूर्ण मागं घ्या. मागची लेकरं आधी चढवा, मग आईंना. उतरताना आधी आई, मग लेकरं. म्हणजे त्यांना दर थांब्यावर उठावं लागणार नाही. सीट सरकवल्यावर तिच्यावर बसून अंगानं एकदा पुढं-मागं रेटून बघा. खालच्या दोन्ही रुळांमध्ये "खट्ट" असा आवाज येऊन ती बसायला हवी. एकाच बाजूला अडकलेली सीट जोराचा ब्रेक लागला की सरकते. हे बघणारे फार कमी आहेत.

प्रश्न: भाऊ, आमचे पोट्टे मांगच्या सीटवर बसले का चिखलदऱ्याच्या घाटात उलट्या करतात. पुढं बसवले तं काही होत नाही. काऊन? (परतवाडा)

शेवटची सीट मागच्या चाकांवर किंवा त्यांच्याही मागं येते. बैलबंडीत मागच्या टोकाला बसलेल्याला जास्त गचके बसतात, तसंच हे. वळणावर गाडीचा मागचा भाग जास्त झुलतो. त्यात लेकरांना समोरचा रस्ता दिसत नाही, समोर फक्त सीटची पाठ असते. डोळे सांगतात "आपण स्थिर आहोत", कानातला तोल सांगतो "आपण हलतोय", आणि या भांडणातून मळमळ होते.

म्हणून घाट सुरू होण्याआधी परतवाड्यातच जागा बदला. ज्याला त्रास होतो त्याला मधल्या ओळीत असं बसवा की दोन सीटांच्या मधून त्याला रस्ता दिसेल. मागं धडधाकट मोठी माणसं जाऊ द्या. मोबाइल बंद, नजर लांब, काच थोडी उघडी. निघताना पोटभर आलुपोहे खाऊ घालू नका, पण उपाशीही नेऊ नका. आणि गाडी चालवणाऱ्यानं वळणात शिरण्याआधीच वेग कमी करावा. वळणात ब्रेक मारला की मागच्यांना दोन झोके बसतात.

प्रश्न: सात जण शेगावला निघतो. सात माणसं बसली की सामान ठेवायला जागाच राहत नाही. मागची अर्धी सीट पाडून सामान भरतो आणि सातवा माणूस ॲडजस्ट करतो. वर कॅरिअर बसवावा का? (हिंगणघाट)

सात सीटांची गाडी घेताना हा हिशेब शोरूममध्ये सहसा कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. अर्टिगात तिन्ही ओळी उभ्या असताना डिक्की २०९ लिटरची. शेवटची ओळ पाडली की ५५० आणि मधलीही पाडली की ८०३ लिटर. ट्रायबरमध्ये सातही सीटा लावल्या तर डिक्की फक्त ८४ लिटर उरते, म्हणजे दोन हातपिशव्या. पण तिच्या शेवटच्या सीटा अख्ख्या काढून घरी ठेवता येतात, मग तीच जागा ६२५ लिटर होते. इनोव्हा क्रिस्टाच्या मागच्या सीटा उचलून दोन्ही बाजूंना बांधता येतात. तेव्हा सात माणसं आणि सात माणसांचं सामान, दोन्ही एकाच वेळी या गाड्यांत मावत नाही. अर्टिगा सीएनजीची असेल तर डिक्कीतली बरीच जागा टाकीच घेते.

तुमच्या प्रश्नातली "ॲडजस्ट" ही गोष्ट मात्र सोडा. मधल्या ओळीत तिघांच्या जागी चौघं बसले की सीटबेल्टचे पट्टे तीनच असतात. चौथा माणूस मोकळा राहतो, आणि धडक झाली तर तोच इतरांवर आदळतो. सहा जण जा. सातव्यासाठी शेगावला एसटी आहे, रेल्वे आहे. सात जण जायचेच असतील तर सामान कमी करा. भक्तनिवासात राहायचं तर अंथरूण-पांघरूण घरून कशाला न्यायचं?

अर्धी सीट पाडण्यात चूक काही नाही, ती सोय त्यासाठीच आहे. पाडण्याआधी पट्ट्याचं लॉक सीटखाली दबत नाही ना, ते बघा. नाहीतर परत उभी केल्यावर लॉक सापडत नाही आणि माणूस बिनापट्ट्याचाच बसतो. जड वस्तू तळाशी आणि सीटच्या पाठीला चिकटून ठेवा: तांदळाचा कट्टा, पाण्याची कॅन. हलकं सामान वर, पण सीटच्या पाठीच्या उंचीपर्यंतच. त्याच्या वर रचलेली सुटकेस ब्रेक लागला की थेट मागच्या माणसाच्या डोक्यावर येते. नारळाची पिशवी मागच्या काचेजवळ ठेवतात, तीही नको.

शेवटच्या ओळीत माणूस बसणार असेल तर डोक्यामागची उशी वर ओढा. बऱ्याच गाड्यांत सीट दुमडता यावी म्हणून ती खाली दाबलेली असते, आणि तशीच ठेवली तर मानेखाली टोचते. ते टोचणं म्हणजे ती वर घ्यायची खूणच. उशीचं वरचं टोक डोक्याच्या माथ्याइतकं आलं पाहिजे. मागून कोणी ठोकलं तर शेवटच्या ओळीतल्या माणसाची मान तीच सांभाळते.

कॅरिअरबद्दल माझं मत: नको. छतावर वजन गेलं की गाडी वळणात जास्त झुकते. लावायचाच असेल तर तुमच्या गाडीच्या पुस्तकात छतावर किती किलो चालतात ते दिलेलं असतं, तेवढंच. आणि निघण्याआधी हवा तपासा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यात कमी माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगवेगळा आकडा असतो. सगळे बसणार तर दुसरा आकडा. हवा सकाळी, टायर थंड असताना भरायची. मे महिन्यात तापलेल्या टायरमधून "जास्त झाली" म्हणून हवा सोडू नका. टायर थंड झाल्यावर ती कमी पडते, आणि कमी हवेचा टायर जास्त तापतो.

प्रश्न: मुलगी सातव्या महिन्यात आहे. बाळंतपणासाठी तिला नागपूरहून माहेरी आणायचं आहे. पोटाला दाब नको म्हणून पट्टा लावू नये असं घरचे म्हणतात. (आर्वी, जि. वर्धा)

ताई, पट्टा लावायचाच. बाळाला धोका पट्ट्याचा नसतो. आई सीटवरून उडाली आणि पोट आदळलं, तर धोका असतो. फक्त पट्टा लावायची जागा नीट समजून घ्या. खालचा पट्टा पोटावरून नाही तर पोटाच्या खालून, मांड्या सुरू होतात तिथं कमरेच्या हाडांवर. वरचा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूनं. बसल्यावर दोन्ही पट्टे हातानं ओढून त्यांतली ढील काढा. साडीच्या निऱ्यांचा गोळा खालच्या पट्ट्याखाली येतो आणि पट्टा वर सरकतो, म्हणून प्रवासात सलवार-कुर्ता बरा.

तिला मधल्या ओळीत दाराजवळ बसवा, पाठ थोडीच कलती. सीट झोपल्यासारखी करू नका, कारण मग धडकेत माणूस पट्ट्याखालून घसरतो. तासाभरानं थांबून दोन मिनिटं चालू द्या. आणि निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: मे महिन्यात पुढचे थंडीनं स्वेटर मागतात आणि मागच्यांना घाम फुटतो. एसी खराब आहे का? (ब्रह्मपुरी)

बहुधा नाही. आधी तीन गोष्टी करा. उन्हात उभी गाडी सुरू केली की चारही काचा उघडून एक-दोन मिनिटं चालवा, आतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्या. मग काचा बंद करून आतली हवा फिरवायचं बटण दाबा, म्हणजे एसीला बाहेरची ४५ अंशांची हवा थंड करत बसावं लागणार नाही. तिसरं, जुन्या अर्टिगासारख्या गाडीत छतावर मागच्यांसाठी वेगळा पंखा असतो आणि त्याचं बटण वेगळं असतं. पुष्कळ घरांत ते कोणी फिरवलेलंच नसतं. पुढचा एसी बंद असेल तर मात्र तो नुसता वारा देतो.

शेवटच्या ओळीला ट्रायबर आणि कॅरेन्समध्ये एसीची स्वतःची जाळी आहे, जुन्या अर्टिगात ती नाही. तिथं मधल्या जाळ्या माणसांच्या तोंडाकडं न ठेवता छताच्या कडेनं मागं वळवा. पुढच्यांनी पंखा कमी करून जाळ्या वर केल्या तरी थंड हवा मागं पोचते. काचांवर काळी फिल्म चिकटवू नका, त्यावर कारवाई होते. दारांच्या जाळीदार पडद्यांनी पार्किंगमध्ये भागतं.

हे आधीच सांगून ठेवतो: दुकानात "दोन मिनिटांचं काम" म्हणून झोपलेलं लेकरू बंद गाडीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान १० मिनिटांत सुमारे १० अंशांनी चढतं, आणि लेकराचं अंग मोठ्या माणसापेक्षा फार लवकर तापतं.

प्रश्न: समृद्धीवर मागच्या सीटवालेही पट्टा लावा म्हणतात. आमच्याकडं तर गाडीची टुंई-टुंई बंद करायला पट्ट्याच्या लॉकमध्ये क्लिप लावलेली आहे. लेकरू मांडीवर असते. (मेहकर)

ती क्लिप आजच काढून फेका. ती इतकी घातक आहे की २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांना तिची विक्री बंद करायला लावली.

समृद्धीवर कारला ताशी १२० पर्यंत मुभा आहे. ८० वरून १२० वर गेलात तर वेग दीडपट होतो, पण धडकेचा जोर सव्वादोनपट. सायरस मिस्त्री २०२२ मध्ये पालघरजवळ गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणं पट्टा नसेल तर १००० रुपये दंड आहे. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसलं तरी तेवढाच.

मांडीवरचं लेकरू हातांनी धरता येत नाही. ताशी ५० च्या धडकेत १० किलोचं लेकरू क्षणभर अडीच-तीन क्विंटलच्या जोरानं पुढं जातं. बालआसन घ्या आणि मधल्या ओळीत दाराजवळच्या सीटवर बसवा. सीट आणि पाठ मिळते तिथं बोट घालून चाचपा, अलीकडच्या गाड्यांत दोन लोखंडी कड्या लागतात, त्यांतच आसन अडकवायचं. अगदी लहान बाळाचं आसन पाठमोरं असतं. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर ते कधीच लावायचं नाही. मागच्या दारांचं चाइल्ड लॉकही लावून ठेवा.

प्रश्न: नव्या सहा एअरबॅगच्या गाडीला रेक्झिनचे जाड सीट कव्हर शिवून घ्यावेत का? (मोर्शी)

पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅग लिहिलेली छोटी पट्टी शिवलेली दिसते का बघा. दिसली तर बाजूची एअरबॅग त्या सीटच्या पाठीतूनच फुटते. सरसकट शिवलेलं कव्हर तिला अडवतं. कंपनीचं कव्हर घ्या, किंवा शिवणाऱ्याला ती कड पूर्ण मोकळी सोडायला सांगा आणि समोर उभं राहून करून घ्या. उन्हाळ्यात रेक्झिन तापतं आणि घामानं घसरतं, म्हणून मी सुती कापड सुचवेन. शेवटच्या ओळीला कव्हर घालूच नका. सीट नीट दुमडत नाही आणि पट्ट्याचं लॉक कापडाखाली जातं.