मारुतीच्या जिमनीचं खालचं मॉडेल झीटा घ्यावं की वरचं अल्फा? घरचे म्हणतात, घ्यायचीच तर टॉप मॉडेल घे. महिन्यातून दोनदा गावी जाणं होतं, शेवटचा पट्टा कच्चा आहे. की सरळ महिंद्राची थार बघू?

झीटा घ्या.

खरं तर उत्तर इथेच संपलं. पण ‘घ्यायचीच तर टॉप मॉडेल घे’ हे वाक्य वाचलं आणि राहवेना. आमचे धाकटे भाऊजी आमच्या गाडीच्या बुकिंगपासून हेच म्हणतायत, आणि दर गणपतीत मोदकाचं ताट समोर आलं की परत म्हणतात. त्यांना घरात सगळं बोलून झालंय, आता तुमच्या निमित्ताने इथे बोलते.

राजापूर तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. ह्यांची नोकरी रत्नागिरीला, त्यामुळे बाग मी बघते. डांबरी सोडली की जांभ्याची वाट, मग व्हाळ, मग सड्यावर चढणारा उभा तुकडा. उन्हाळ्यात तिथून कुणीही जाईल. पावसात त्याच जांभ्यावर शेवाळ धरतं आणि व्हाळाच्या अलीकडे असा लाल चिखल होतो की पिकअपवाले यायलाच तयार नसतात. सासऱ्यांच्या वेळी आमच्याकडे प्यूजो इंजिनची महिंद्राची एमएम ५४० जीप होती. गाडी मी त्यांच्याकडूनच शिकले. टप फाटलेला, दार दोरीने बांधलेलं, पण छोटा दांडा ओढला की तो चढ गपगुमान चढायची. टपावरून कुणी हसलं तर मामंजी म्हणायचे, टप काय, कधीही शिवून मिळतो.

ती जीप गेली आणि बरीच वर्षं आम्ही भाड्याच्या गाड्यांवर काढली. जिमनी आली तेव्हा ठरवलं, आता बास. कोल्हापूरच्या एका शोरूममध्ये गेलो. पैसे आंब्याचे, चालवणार मी, पण तिथला मुलगा बोलत होता ह्यांच्याशी. मी विचारलं, झीटाला फोर-लो, म्हणजे चारही चाकं ओढणारा तो चढाचा हळू गिअर, आहे ना? तर ह्यांच्याकडे बघून म्हणतो, “सर, अल्फामध्ये नऊ इंची स्क्रीन येते.” मी परत विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, ऑटोमॅटिक एसी पण येतो.” ह्यांनी तेवढ्यात भाऊजींना फोन लावला होता. भाऊजी पुण्याला राहतात, गाड्यांचे व्हिडिओ पुष्कळ बघतात. तिकडून स्पीकरवर आवाज आला, “वहिनी, लाखभर रुपयांसाठी मन मारू नका. बेस घेतली की आयुष्यभर चुटपुट राहते.”

मी म्हटलं, दोन्ही गाड्या रॅम्पवर घ्या, खालून बघायच्या आहेत. मुलगा गांगरला. असं कुणी मागत नसावं. पण सर्व्हिसचं आवार मागेच होतं आणि मी राजापूरहून आमच्या फिटरला मुद्दाम बरोबर नेलं होतं. जुनी ५४० त्याच्याच हातची. शेवटी एक झीटा आणि एक अल्फा शेजारीशेजारी उचलल्या. आमचा माणूस बॅटरी घेऊन खाली शिरला. शिडीसारखी चेसिस तीच. पुढे-मागे आख्खे ॲक्सल तेच. कॉइल स्प्रिंगा त्याच. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी ट्रान्सफर केस तीच, तिथून पुढे आणि मागे जाणारे शाफ्ट तेच. बोट लावत लावत त्याने टो हुकसुद्धा तपासले. मग बाहेर येऊन हात पुसत मला म्हणाला, “काकी, चाकं झाकून टाकली तर कुठची कुठली ते मला सांगता येणार नाही.”

चाकं झाकायची, कारण खालून दिसणारा फरक तेवढाच. झीटाला स्टीलच्या रिमा, अल्फाला अलॉय. टायरचं माप दोन्हीला एकच, १९५/८० आर १५. इंजिन तेच दीड लिटर पेट्रोल, १०५ पीएस. ग्राउंड क्लिअरन्स तोच २१० मिमी. सहा एअरबॅग दोन्हीला, चढावर मागे न घसरू देणारं आणि उतारावर धरून ठेवणारं प्रकरणही दोन्हीला. एक चाक हवेत फिरायला लागलं की त्याला ब्रेक लावून दुसऱ्याला ताकद देणारी व्यवस्थाही दोन्हीत सारखीच आहे. लॉक होणारा डिफ, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्र जखडून फिरवणारा डिफरन्शियल, मात्र अल्फालाही नाही. तेव्हा अल्फा घेतलीत म्हणून तुमची गाडी चिखलातून एक वीतभरही जास्त पुढे जाणार नाही.

जून २०२३ मध्ये गाडी बाजारात आली तेव्हा मॅन्युअल झीटा १२ लाख ७४ हजार होती आणि अल्फा १३ लाख ६९ हजार, दोन्ही एक्स-शोरूम. आजचे आकडे तुम्ही विचारून घ्या. त्या ९५ हजारांत मोठी स्क्रीन, आपोआप चालणारा एसी, क्रूझ कंट्रोल, बटण दाबून सुरू होणारं इंजिन, अलॉय, एलईडी हेडलाइट आणि ते हेडलाइट धुणारा फवारा मिळतो. भाऊजींचा त्या फवाऱ्यावर फार जीव. आमच्याकडचा लाल चिखल वाळला की फवाऱ्याला दाद देत नाही. डॅशबोर्डखाली ओला स्पंज असतो, दोन मिनिटांत दोन्ही काचा लख्ख.

आता अलॉयचं. मागच्या पावसाळ्यात व्हाळ ओलांडताना पाण्याखालच्या जांभ्याच्या कडेवर उजवं पुढचं चाक आपटलं. घरी येईपर्यंत हवा टिकली, सकाळी टायर बसलेला. ओणीच्या पंक्चरवाल्याने साबणाचं पाणी लावलं तर टायरला काहीच नाही, रिमच्या ओठातून बुडबुडे येत होते. ओठ आत वाकला होता. त्याने टायर उतरवला, रिम लाकडाच्या ओंडक्यावर धरली, हातोड्याने दहा-बारा ठोके घातले, कानस फिरवली, टायर चढवून हवा भरली. चहा पिऊन होईपर्यंत मी निघालेसुद्धा. अलॉय असती तर एक तर तडकली असती नाहीतर तालुक्याला सरळ करणारा नाही म्हणून शहर गाठावं लागलं असतं. हे भाऊजींना सांगितलं तर म्हणे, “वहिनी, अलॉय असती तर वाकलीच नसती.” यावर काय बोलणार?

त्यांचा दुसरा मुद्दा रिसेलचा. टॉप मॉडेलला विकताना भाव येतो म्हणे. येतही असेल थोडा. पण आधी लाख घालायचे आणि दहा वर्षांनी त्यातले काही परत आले म्हणून खूश व्हायचं, हा हिशोब मला कळत नाही. शिवाय बागेत फिरलेली गाडी घ्यायला येणारा माणूस आधी चेसिसचा गंज बघतो, स्क्रीन किती इंची ते नाही. किनाऱ्याजवळ राहत असाल तर दर पावसाळ्यानंतर खालून धुवून अँटीरस्ट मारा, रिसेल तिथे आहे.

थारबद्दल विचारलंत, तर तिथे माझं उत्तर उलटं होतं. जिमनीत व्हेरियंट म्हणजे नुसती सजावट. थारमध्ये व्हेरियंट बदलला की खालची गाडीच बदलते. जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. बाहेरून तीच ऐट, खाली ट्रान्सफर केसच नाही. दीड लिटरचं डिझेल त्यातच दिलं, कारण चार मीटरच्या आतली गाडी आणि दीड लिटरपर्यंतचं डिझेल असलं की कर कमी बसतो. लोक किंमत बघून ती घेतात आणि मग चिखलात उतरून दांडा शोधतात. मागचा डिफ खरोखर लॉक होतो की नुसत्या ब्रेकवर भागवलंय, हेही व्हेरियंटप्रमाणे वेगळं असतं आणि कंपनीने ते मध्येच बदललेलंही आहे. थारचीच पाच दारांची रॉक्स ऑगस्ट २०२४ मध्ये आली तेव्हा फोर बाय फोर फक्त डिझेलला होतं आणि तेही एमएक्स५ या व्हेरियंटपासून वरच. म्हणजे तिथे खालचं मॉडेल घेऊन पैसे वाचवायला गेलात तर ज्यासाठी गाडी घेताय तेच हातचं जाईल. थार बघायची तर सेल्समनचं ऐकू नका. त्या महिन्याचं छापील पत्रक हातात घ्या आणि फोर बाय फोर, लो रेंज आणि डिफ लॉक एवढ्या तीनच ओळींवर बोट ठेवा. ही कटकटच नको असेल तर फोर्सची गुरखा. पुढचा-मागचा दोन्ही डिफ लॉक होतात. पण रोज शहरात चालवायला ती अंगावर येईल.

झीटात वाचलेल्या पैशांचं काय करायचं ते सांगते. आधी टायर. कंपनीचे टायर डांबरी रस्त्याचे आहेत, ओल्या मातीत त्यांचे दात लगेच भरतात आणि चाक गुळगुळीत होतं. त्याच मापाचे ए.टी. (ऑल-टेरेन, म्हणजे माती-डांबरी दोन्हीचे) टायर घ्या. बरेच जण २१५/७५ घालतात, पण कागदपत्रात नसलेलं माप आणि विमा यांचं जमत नाही, तेव्हा विचारून. दुसरं, लायटरवर चालणारा हवेचा पंप. चिखलात हवा अठरा-वीसवर आणली की गाडी निम्मी जास्त ऐकते, पण डांबरीवर आल्यावर परत भरायला पंप हवाच. तिसरं, ओढायचा चांगला पट्टा आणि तो अडकवायला दोन शॅकल, म्हणजे लोखंडी कड्या. एवढं करूनही चांगले पैसे उरतील. आणि सुक्या डांबरीवर फोर-हाय (चारही चाकं, पण नेहमीच्या गिअरवर) लावून मिरवू नका. पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये फरक सोसणारा डिफ या गाड्यांत नसतो, वळणावर गाडी अडायला लागते आणि मार ट्रान्सफर केसला बसतो. समुद्रकिनाऱ्यावर नेऊन रील काढायची असेल तर मात्र माझं उत्तर वाचूच नका. आमच्या जिल्ह्यात वेळास-आंजर्ल्याला वाळूत कासवांची अंडी असतात.

हां, एक-दोन गोष्टी राहिल्या. रात्रीचा घाट तुम्हाला नेहमी करावा लागत असेल तर अल्फाचे दिवे झीटापेक्षा नक्की चांगले आहेत. झीटाचे हॅलोजन अणुस्कुरा घाटात पावसात अपुरे वाटतात, मी रात्री तो घाट टाळते. रोजचं काम रात्रीचंच असतं तर मीही अल्फा घेतली असती, दिव्यांसाठी, स्क्रीनसाठी नव्हे. (भाऊजींना हे कळवू नका.) ऑटोमॅटिक हवी असेल तर लाखभर वर जातात, दोन्ही व्हेरियंटमध्ये, आणि गिअर चारच आहेत, हायवेला इंजिन ओरडतं. चालवून बघा. सामानाची जागा बेताची आहे, मागची सीट न पाडता २०८ लिटर. चौघं आणि गणपतीचं सामान एकदम जाणार नाही.

आणि तुमचा तो कच्चा पट्टा पावसातही साधी स्विफ्ट पार करत असेल, तर दोन्ही सोडा. फोर बाय फोरचं वजन आणि पेट्रोल उगाच सोसायचं कशाला?

पिवळी हवी असेल तर मात्र वाद मिटला. काळ्या टपाची पिवळी अल्फातच मिळते, झीटात नाही. मग घ्या अल्फा, पण घरी खरं सांगा की रंगासाठी घेतली. ऑफरोडसाठी घेतली असं सांगून आमच्या भाऊजींच्या हातात आयतं कोलीत देऊ नका.