सणाच्या जेवणाला एकच पाहुणा शाकाहारी असेल तर काय करावं?

आधी त्यांनाच विचारा: अंडं चालतं का? मांस तळलेल्या तेलात तळलेलं चालतं का? 'शाकाहारी' म्हणवणाऱ्या प्रत्येकाचं गणित वेगळं असतं. त्यांच्यासाठी वेगळं ताट करण्यापेक्षा एक दणकट पदार्थ बिनमांसाचा करा आणि सगळ्यांनाच वाढा, म्हणजे पाहुणा अवघडत नाही. (जरा जास्तच करा, बाकीची मंडळीच आधी फडशा पाडतात.) कडधान्यं, मशरूम असं पोटभरीचं हवं, नुसत्या सॅलडवर बोळवण नको.

खरी गफलत न दिसणाऱ्या गोष्टींत होते. सूपमधला हाडांचा स्टॉक, पुडिंगमधलं जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं), काही चीजमधलं वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजणासारखं द्रव्य). पाकिटं वाचा. आणि प्रत्येक भांड्यात वेगळा डाव ठेवा, नाहीतर घाईत मटणाचा डाव भाजीत जातोच.