मनोरुग्णाचा मृत्यू 'आत्महत्या' कोण ठरवतं?

तुम्ही विचारलंय, भाऊ बारा वर्षं स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांवर होता, विहिरीत सापडला आणि कागदावर आत्महत्या आली. डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल का?

बहुधा नसेल. पोस्टमॉर्टेम करणारा डॉक्टर मृत्यूचं कारण लिहितो, म्हणजे पाण्यात बुडून. पाय घसरला की उडी टाकली, हे नुसत्या फुप्फुसांवरून कळत नाही. ते ठरतं पंचनाम्यावर आणि घरच्यांच्या जबाबांवर. पूर्वी हा तपास फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम 174 खाली व्हायचा, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होतो. आपल्याकडे पोलीस त्याला यूडीआर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची नोंद, म्हणतात.

माझा मावसभाऊ कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात असाच गेला. औषधं धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेची. हवालदारांनी पंचनामा कन्नडात वाचून दाखवला. आम्हाला कळले दोनच शब्द, 'मानसिक अस्वस्थ', कारण ते आपलेही आहेत. पुढचं सगळं त्या दोन शब्दांवरच रचलेलं होतं. पाण्यावर तरंगणारी प्लास्टिकची घागर मात्र त्यात नव्हती. पाणी शेंदायला तो रोजच जायचा हो! आदल्या आठवड्यात गोळी वाढवली होती, उठताना त्याला अंधारी यायची. मावशीचा जबाब पुन्हा घ्यायला लावला, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. शेवटच्या अहवालात अपघात आला नाही, पण आत्महत्याही गेली: हेतू निश्चित नाही.

ही पळवाट नव्हे. आयसीडी-10 या आजारांच्या आणि मृत्यूच्या कारणांच्या जागतिक यादीत आत्महत्येला एक्स 60 ते 84 आणि हेतू न ठरलेल्या मृत्यूंना वाय 10 ते 34 असे वेगळे कोड आहेत. ब्रिटनमध्ये आकडेवारी काढताना प्रौढांचे असे मृत्यू आत्महत्येतच धरतात, नाहीतर खरा आकडा झाकला जातो. इंग्लंड आणि वेल्समध्ये कोरोनरला, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, 2018 पर्यंत आत्महत्या म्हणायला फौजदारी खटल्याइतका पक्का पुरावा लागायचा. आता 'जास्त शक्यता' पुरते. तरी आजार हा हेतूचा पुरावा होत नाही, तिथेही नाही आणि इथेही नाही.

तुम्ही पंचनामा, पोस्टमॉर्टेम आणि व्हिसेराचा (शरीरातल्या अवयवांच्या रासायनिक तपासणीचा) अहवाल, तिन्हींच्या नकला मागा. विमा असेल तर आधी हेच करा, अपघाताच्या जादा रकमेचा दावा 'आत्महत्या' या एका शब्दावर अडतो. हरकतीचा अर्ज ठाण्यात द्या, एक प्रत एसी (असिस्टंट कमिशनर) ऑफिसला, कारण उपविभागीय दंडाधिकारी तेच. आणि अर्ज कन्नडात लिहून घ्या. माझा पहिला मराठीत होता, दीड महिना टेबलावरच पडून राहिला.