सोलापुरात नवी पेठेतल्या टपरीवर दुसऱ्या राज्याचं लॉटरी तिकीट मिळतं, ते कायदेशीर आहे का? आणि देखरेख कुणाची?

हो, कायदेशीर आहे, पण लॉटरी खरोखर त्या राज्य सरकारची असेल आणि महाराष्ट्राने तिच्या विक्रीवर बंदी घातलेली नसेल तरच. आधार आहे लॉटरी (विनियमन) कायदा, 1998. कायदा छोटा आहे, तासाभरात वाचून होतो. कलम 5 नुसार एखादं राज्य दुसऱ्याच्या तिकिटांना मनाई करू शकतं. खरा जीव कलम 4 मध्ये आहे: तिकीट सरकारनेच छापायचं, त्यावर त्याचं बोधचिन्ह हवं, सोडत सरकारनेच आणि त्याच राज्यात काढायची, विक्रीचे पैसे सरकारी खात्यात जमा करायचे. कुणी न नेलेलं बक्षीसही सरकारजमा, विक्रेत्याच्या गल्ल्यात नाही.

देखरेख दोन पातळ्यांवर चालते. कायदा आणि 2010 चे नियम केंद्राचे. रोजचा कारभार लॉटरी काढणाऱ्या राज्याचा. आपली महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासूनची, ती वित्त विभागाच्या अखत्यारीत येते. त्यामुळे परराज्यातल्या तिकिटाचं बक्षीस अडलं तर दाद त्या राज्याच्या लॉटरी खात्याकडेच मागावी लागते. टपरीवाल्याशी भांडून काही होत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा: एकाच आकड्यावर बक्षीस द्यायला याच कायद्यात मनाई आहे. ‘लॉटरी’ची पाटी लावून कोणी चिठ्ठीवर एक आकडा लिहून पैसे घेत असेल तर तो सरळ मटका. त्याची तक्रार पोलिसांकडे.